सोलापुरात बिल्डरकडून नवा फ्लॅट घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळेत गणित शिकवतो. जुळे सोलापुरात १२ फ्लॅटच्या एका इमारतीत आम्ही नवा फ्लॅट घेतला आणि तेव्हापासून स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दवाखान्याच्या रांगेतही लोक हेच प्रश्न विचारत आले आहेत. तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. मी वकील नाही. सही करण्याआधी वकील गाठाच, आणि तो बिल्डरने सुचवलेला नको.

बिल्डर ओळखीचा आहे. तरी एवढं तपासायचं का?

सोलापुरात बिल्डर ओळखीचाच असतो हो. मेव्हण्याचा वर्गमित्र, नाहीतर वडिलांबरोबर मिलमध्ये असलेल्यांचा मुलगा. ओळखीचा फायदा होतोही. फोन उचलला जातो, एखादी खिडकी सरकवून मिळते. पण इमारत सहसा एकट्याची नसते. जागा एकाची, पैसा दुसऱ्याचा आणि कुलमुखत्यारपत्रावर सही करणारा तिसराच. तुम्हाला शब्द देणारा माणूस आणि करारावर सही करणारा माणूस एकच आहे का, हे आधी बघा. आमच्याकडे नव्हता. ज्यांनी चहा पाजून 'पाण्याचं माझ्यावर सोडा सर' म्हटलं, त्यांचं नाव कागदावर कुठेच नव्हतं. पुढे ते भागीदारीतून बाहेर पडले आणि तो शब्दही त्यांच्याबरोबर गेला.

कागद मागितल्याने संबंध बिघडतील अशी भीती बऱ्याच जणांना वाटते. ज्याच्याकडे कागद आहेत तो झेरॉक्स काढून देतो, एवढंच.

महारेराचा नंबर आहे म्हणजे सगळं बिनधोक ना?

तसं नाही. महारेरा म्हणजे रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्याची अंमलबजावणी करणारं राज्याचं प्राधिकरण, आणि नंबर म्हणजे तिथली नोंद. कोणी हमी घेतलेली नाही. खरा फायदा असा की बिल्डरला आपली माहिती महारेराच्या संकेतस्थळावर उघडी ठेवावी लागते. मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, वकिलाचा मालकी हक्काचा दाखला, जमिनीवरचा बोजा, चालू दावे, किती फ्लॅट विकले आणि काम कधी पूर्ण करणार, हे सगळं तिथे असतं. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही सक्तीचा आहे. मोबाइलने स्कॅन केला की प्रकल्पाचं पान उघडतं.

त्या पानावर मी पहिल्यांदा तारीख बघायला सांगतो. साइटवरचा माणूस म्हणेल, 'दिवाळीला चावी हातात.' संकेतस्थळावर मात्र दोन वर्षांपुढची तारीख टाकलेली असते. हिशेब करारात आणि संकेतस्थळावर लिहिलेल्या तारखेचा होतो, दिवाळीचा होत नाही. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून ते त्याच प्रकल्पाची जमीन आणि बांधकाम यावर खर्च करायचे असतात, म्हणून चेक महारेराकडे नोंदवलेल्या त्या प्रकल्पाच्या खात्याच्या नावानेच द्या.

आमच्या इमारतीला रेरा लागतच नाही म्हणतात. खरं असेल?

असू शकतं. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपर्यंतच असतील, तर नोंदणीची सक्ती नाही. आपल्याकडे एक-दोन प्लॉट जोडून बांधलेल्या इमारती आणि चार-सहा रो-हाऊसच्या स्कीम भरपूर आहेत, त्यातल्या पुष्कळ या सवलतीत बसतात. तिथे घेऊ नका असं मी म्हणणार नाही. काही उत्तम बांधलेल्या आहेत. पण तिथे संकेतस्थळावर काही दिसणार नाही, सगळं स्वतः मागून घ्यावं लागतं. अशा ठिकाणी १९६३ चा मोफा कायदा (फ्लॅट घेणाऱ्यांसाठीचा राज्याचा जुना कायदा) आणि ग्राहक आयोग यांचा आधार असतो. एकच मोठी जागा कागदोपत्री तुकडे करून 'रेरा लागत नाही' म्हटलं जात असेल, तर मात्र तिथून उठा.

७/१२ बघायचा की प्रॉपर्टी कार्ड?

जागा कुठे आहे त्यावर ठरतं. जुन्या पेठांत सिटी सर्व्हे झालेला आहे, म्हणून तिथे मिळकत पत्रिका, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड. १९९२ च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या गावांकडे बहुतेक ७/१२ चालतो. ७/१२ वर लोक फक्त मालकाचं नाव वाचतात. खरी गंमत 'इतर हक्क' या रकान्यात असते. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, बहिणींचे हक्क, न्यायालयातला दावा, सगळं तिथे सापडतं. भोगवटादार वर्ग-२ (म्हणजे विक्रीवर शासनाच्या अटी असलेली जमीन) लिहिलेलं असेल तर शासनाच्या परवानगीचा प्रश्न येतो. जमीन बिनशेती आहे ना, नकाशा महापालिकेने मंजूर केलाय ना, हे पुढचं.

हद्दवाढ भागात गुंठेवारीची, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेली, जागा फार. गुंठेवारीच्या जागेवर फ्लॅट असेल तर ती नियमित झाल्याचा आदेश बघा. एखाद्या बँकेने 'बघू' म्हणून फाइल बाजूला ठेवली, तर ती का ठेवली ते विचारा. मागच्या ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोज्याचा शोध, वकिलाकडून घ्यायचा. आणखी एक. जागामालकाला मोबदल्यात मिळालेल्या फ्लॅटपैकी एखादा तुम्ही घेत असाल, तर मालकाची सही आणि बिल्डरची संमती दोन्ही लागतात.

पाण्याचं काय?

सोलापुरात घर बघताना मी हाच प्रश्न सगळ्यात वर ठेवतो. किचनच्या टाइल्स नंतर.

शहराला उजनीचं पाणी मिळतं. थोडं थेट जलवाहिनीने, थोडं भीमेतून सोडून टाकळी-औज बंधाऱ्यावरून, शिवाय हिप्परग्याचा तलाव आहे. तरी नळाला रोज पाणी नाही, काही दिवसांआड येतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. बिल्डर म्हणेल, 'समांतर जलवाहिनी झाली, आता रोज पाणी.' शहरापर्यंत पाणी येणं वेगळं आणि तुमच्या गल्लीत टाकी भरेल इतक्या दाबाने येणं वेगळं. बिल्डरला विचारू नका. शेजारच्या इमारतीतल्या बाईंना विचारा: नळ कितव्या दिवशी येतो, किती वेळ टिकतो, मोटर लावावी लागते का, मे महिन्यात टँकर किती मागवले.

मग हौदाचा हिशेब. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण. चौघांचं घर धरलं तर ५४० लिटर. १२ फ्लॅटचे झाले ६,४८०. पाच दिवसांआड पाणी येणार असेल तर ३२,४०० लिटर साठायला हवेत. आमच्या इमारतीचा हौद १० हजारांचा निघाला. नकाशात आकडा होता, मी वाचला नव्हता. गणिताचा मास्तर असून! पहिल्या मेमध्ये टँकरची वर्गणी भरताना बायकोने तो आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवला.

'बोअर आहे' यावर खूश होऊ नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. वर्षभरात नळांवर पांढरे थर चढतात, गीझर बसतो. आणि बोअर मार्चमध्ये किती वेळ चालतो ते बघायचं, श्रावणात बघून उपयोग नाही. करारनाम्यात शोधा, 'महापालिकेचे पुरेसे पाणी मिळेपर्यंत टँकरचा खर्च सदनिकाधारकांनी करावयाचा आहे' अशा अर्थाचं एक वाक्य असतं. ते काढून टाकायला बिल्डर तयार होत नाहीत. निदान हौदाची क्षमता आणि नळजोडणी कोणाच्या खर्चाने, हे तरी लिहून घ्या.

वरचा मजला स्वस्त मिळतोय. घ्यावा?

मे महिन्यात दुपारी चार वाजता त्या फ्लॅटमध्ये अर्धा तास उभे राहा आणि मग ठरवा. पारा ४३-४४ वर जातो तेव्हा वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो. पश्चिमेच्या बेडरूमची तीच कथा. लोक सकाळी दहाला साइट बघतात, वारा छान लागतो, टोकन देऊन येतात. बाहेरची भिंत किती इंचाची आहे, गच्चीवर पांढरा थर किंवा चिनी मातीचे तुकडे बसवणार का, पश्चिमेच्या खिडकीला छज्जा किती, हे विचारा. वास्तुशास्त्रासाठी पूर्वेचा दरवाजा मागणारे पुष्कळ भेटतात, पश्चिमेच्या भिंतीविषयी कोणी अवाक्षर काढत नाही.

नव्या इमारतीला तडे का जातात?

प्लास्टरला केसासारखे तडे जातात ते बहुतेक पाणी कमी मारल्यामुळे. मे महिन्यात उन्हात प्लास्टर करून दोन दिवस पाणी मारलं नाही की झालंच. अशा तड्यांनी इमारत पडत नाही. तिरपे, बोटाचं टोक जाईल असे आणि वाढत जाणारे तडे वेगळे. त्यामागे पाया असू शकतो. आपल्या भागात बऱ्याच ठिकाणी वर काळी माती आहे. ती पाणी प्याली की फुगते, सुकली की आकसते. पाया तिच्याखाली पक्क्या मुरुमात किंवा खडकात गेलेला हवा. काम चालू असताना बुकिंग करत असाल तर खड्ड्याची खोली बघून या, फोटो काढा. जोत्यात तीच खणलेली काळी माती परत भरली असेल तर पार्किंगची फरशी एक-दोन पावसाळ्यांत खचते.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, त्या पहाटे सोलापुरातले लोकही घराबाहेर पळाले होते. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला मागायला लाजू नका. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष निघाला, तर लेखी कळवल्यापासून ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करून देणं रेरा कायद्याने बिल्डरवर बंधनकारक आहे. फोन करू नका, पत्र द्या आणि पोच घ्या.

१००० स्क्वेअर फूट सांगितलं, आत ७००च भरतं. फसवणूक?

बोलीभाषेतला घोटाळा म्हणा. बिल्डर जिना, लिफ्ट, पॅसेज सगळं वाटून वर लोडिंग लावतो. ४० टक्के लोडिंग धरलं तर १००० चे कार्पेट (घराच्या आतली वापरायची जागा) भरतात ७१४. दर ४,००० सांगितला असेल तर खरा दर पडला ५,६००. दोन इमारतींची तुलना करायची तर कार्पेटवरच करा. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. करारात कार्पेट लिहिलेलं असतं. शेवटी मोजमापात तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक चालत नाही, आणि कमी भरलं तर तेवढे पैसे परत मिळतात. टेप घेऊन जा.

४० लाखांचा फ्लॅट शेवटी कितीला पडतो?

मुद्रांक शुल्क मूळ ५ टक्के, त्यावर शहरात स्थानिक संस्थेचा १ टक्का: २,४०,००० रुपये. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,०००. जीएसटी धरला तर आणखी ४०,०००. झाले ३,१०,०००. त्याशिवाय वीज मीटर, देखभालीची आगाऊ रक्कम, वकील आणि बिल्डर 'लीगल चार्जेस' म्हणून जे घेतो ते. करार ४० चा असला आणि रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे शासनाच्या दरपत्रकाप्रमाणे, किंमत ४२ निघत असली, तर मुद्रांक ४२ वर.

जीएसटी १ टक्का की ५?

सोलापूर महानगरांच्या यादीत नाही, याचा इथे फायदा होतो. कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण ९६८ स्क्वेअर फूट, आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर १ टक्का. दोन्हीपैकी एक अट मोडली की ५. पार्किंग, जादा दराचा कोपरा, विकासखर्च हे सगळं ४५ लाखांत धरतात. म्हणजे ४४ चा फ्लॅट आणि दीड लाखाचं पार्किंग घेतलं की गणित बदललं. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या फ्लॅटला जीएसटी नाही. तयार घर थोडं महाग असलं तरी हे वजा करून बघा.

बायकोच्या नावावर घेतलं तर?

मुद्रांकात १ टक्का सूट, वरच्या उदाहरणात ४०,००० वाचतात. पण खरेदी फक्त स्त्रीच्याच नावावर हवी. नवऱ्याचं नाव मालक म्हणून शेजारी आलं की सूट गेली. कर्जात नवरा सहकर्जदार राहू शकतो. 'नावावर करायला काय हरकत आहे' असं म्हणून शेवटच्या दिवशी कार्यालयात दोन्ही नावं लिहिणारे मी बघितलेत.

थोडी रक्कम रोख मागतात. द्यावी का?

नाही. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो, तो त्याचा प्रश्न. तुमचा प्रश्न असा की जी रक्कम करारात नाही तिच्यावर कर्ज मिळत नाही, आणि व्यवहार फिसकटला तर ती परत मागायला कागद नसतो. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर बिल्डरच्या पैशांतून १ टक्का टीडीएस (आगाऊ आयकर) कापून भरणं तुमची जबाबदारी आहे.

बुकिंगला किती द्यायचे? पुढचे हप्ते कसे?

रेरातल्या प्रकल्पात करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. इसार पावतीवर दहा लाख देऊन बसलेले लोक मला ठाऊक आहेत, त्यांच्या झोपेचं विचारू नका. महाराष्ट्राच्या नमुना करारात टप्पे असे आहेत: करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोत्याला ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, भिंती-आतलं प्लास्टर-फरशीला ७५, मग ८०, ८५, लिफ्ट-पंप बसल्यावर ९५ आणि शेवटचे ५ ताब्याला. स्लॅब संपताच ९० टक्के मागणारं वेळापत्रक दिसलं तर घासाघीस करा. बँकही काम बघूनच हप्ता सोडते.

मन बदललं तर? महारेराच्या वाटपपत्राच्या नमुन्यात १५ दिवसांत रद्द केल्यास कपात शून्य, पुढे वाढत जाऊन जास्तीत जास्त २ टक्के.

कर्ज किती मिळेल?

३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत. ४० लाखांच्या फ्लॅटला ३२. मुद्रांकाचे पैसे त्यात नाहीत, म्हणजे खिशातले ११ लाख तयार हवेत. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, कुटुंबात देशात कुठेच पक्कं घर नाही, घर ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये १.८० लाखांपर्यंत व्याज अनुदान आहे. ते पाच वार्षिक हप्त्यांत येतं, एकदम नाही.

होटगी रोडला विमानतळाची काही अडचण?

उंचीची. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली ती याच कारणाने. मजले वाढवायचं बोलणं चाललं असेल तर विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला बघा.

पार्किंग आणि गच्ची विकत घेता येते?

उघडं पार्किंग सामाईक असतं, ते विकता येत नाही. छताखालचं बिल्डर वाटू शकतो, पण जागेचा क्रमांक, लांबी-रुंदी आणि नकाशा करारासोबत जोडलेला हवा. खांबाला चिकटून रिक्षासुद्धा मावणार नाही अशी जागा 'कार पार्किंग' म्हणून मिळालेली मी पाहिली आहे. ती माझीच.

गच्चीवर सगळ्यांचा हक्क. वरच्या मजल्याला 'टेरेस राइट्स' देऊन कुलूप लावलं की उन्हाळ्यात वाळवण घालायचं कुठे, यावरून इमारतीत जी भांडणं लागतात ती बिल्डर गेल्यावर तुम्हालाच निस्तरावी लागतात. मंजूर नकाशात ती सामाईक दाखवली आहे का, बघा.

ओसी नाही, पण लोक राहतात. आपण जावं का?

ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, ही मंजूर नकाशाप्रमाणे बांधलंय याची महापालिकेने दिलेली कबुली. ते अडलेलं असेल तर बहुतेक वेळा कुठेतरी जादा बांधकाम झालेलं असतं. नळजोडणी, कर, पुढे विक्री, सगळीकडे ते आडवं येतं. 'पुढच्या आठवड्यात येतंय' याला मी मुदत देणार नाही. शेवटचे ५ टक्के त्यासाठीच हातात ठेवलेले असतात. ओसी आल्यावर मात्र तुम्हीही दोन महिन्यांत ताबा घ्यायचा असतो.

ताबा लांबला तर?

दोन वाटा. फ्लॅट ठेवून उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागा, किंवा बाहेर पडून सगळी रक्कम व्याजासह परत मागा. व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (बँकेचा कर्जाचा पायाभूत व्याजदर) २ टक्के जास्त. तक्रार ऑनलाइन, फी ५,००० रुपये. निकाल लागूनही बिल्डरने पैसे दिले नाहीत तर वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. वेळ लागतो, हे मनाशी धरूनच उतरा.

सोसायटी होणार की अपार्टमेंट?

करारात लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर होते. १९७० च्या अपार्टमेंट कायद्यात घोषणापत्र होतं आणि प्रत्येकाला स्वतंत्र डीड ऑफ अपार्टमेंट (आपल्या फ्लॅटचा मालकीचा दस्त) मिळतं. ५१ टक्के फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत संस्था नोंदवण्याची जबाबदारी बिल्डरची. यापैकी काहीच झालं नाही तर जमीन वर्षानुवर्षं जुन्या मालकाच्याच नावावर राहते.

चावी घ्यायच्या दिवशी काय बघायचं?

एक बादली, एक काचेची गोटी, एक मोबाइल चार्जर न्या. बाथरूममध्ये पाणी ओता, जाळीकडे जातं का बघा. हॉलमध्ये गोटी सोडा. प्रत्येक बोर्डात चार्जर लावा. फरशीवर नाण्याने ठोका, पोकळ वाजली तर खडूने फुली मारा. सगळे नळ एकदम सोडून वरच्या-खालच्या घरातलं पाणी बघा. ताबापावतीवर राहिलेल्या कामांची यादी लिहून दोघांच्या सह्या घ्या.

वास्तुशांत आधी करून ठेवली तर चालेल?

पूजा करायला कोणाची परवानगी लागत नाही. पण पूजेला चावी घेताना बिल्डर 'ताबा मिळाला, तक्रार नाही' असा छापील कागद पुढे करतो आणि मुहूर्ताच्या घाईत माणूस सही करतो. आम्ही वैशाखातला मुहूर्त धरला होता. लिफ्ट सुरू नव्हती, नळाला पाणी नव्हतं. गुरुजी तिसऱ्या मजल्यावर पोचून आधी दहा मिनिटं बसले, आणि कलशासाठी पाणी शेजारच्या इमारतीतून आणलं. तो कागद मी खिशात घालून म्हटलं, संध्याकाळी वाचून देतो. अजून दिलेला नाही.